शपथेने सुटलेली दारू तिसऱ्या दिवशी का परतली?

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे ओळख पटेल असे तपशील वगळून पत्राचा आशय येथे देत आहे.

“आमच्या मालकांचे वय एकेचाळीस. चार एकर कोरडवाहू रान आहे, शिवाय ते दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. पंधरा वर्षांपासून पितात, आता रोज दोन क्वार्टर लागतात. सकाळी चहा बशीत ओतताना निम्मा सांडतो आणि फाट्यावर जाऊन आले की तेच हात सुईत दोरा ओवतील इतके स्थिर होतात. यंदा आषाढीला पंढरपुरात त्यांनी माळ घातली आणि दारूला शिवायचे नाही म्हणून शपथ घेतली. पहिल्या दिवसापासून घाम, उलट्या सुरू झाल्या, झोप उडाली. दुसऱ्या रात्री फिट आली. तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या चढताहेत, दारात माणसे उभी आहेत असे म्हणू लागले, मुलाला ओळखेनात. बाहेरची बाधा आहे म्हणून सासूबाईंनी भगताकडे न्यायला लावले. शेवटी चुलत दिरांनी त्यांना दारू पाजली तेव्हा ते हळूहळू निवळले. माळ उतरवून ठेवली आहे. गाव म्हणते, देवाचा कोप झाला. ते म्हणतात, सोडली तर मी मरेन. नणंदेने एक पावडर दिली आहे, न सांगता भाजीत मिसळायची. एका केंद्राचे लोक म्हणतात, रात्री गाडी पाठवून उचलून नेऊ, सहा महिने ठेवू, भेटायला यायचे नाही. सासूबाई म्हणतात, माझ्या किरकिरीमुळेच ते पितात. हा आजार आहे की नालायकी? आणि मी यातले काय करू?”

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी त्या तिसऱ्या दिवसाविषयी लिहितो, कारण तुमचे बाकीचे सगळे प्रश्न त्यातच अडकलेले आहेत. तुमच्या घरात जे घडले त्याला वैद्यकात नाव आहे आणि त्यावर उपचारही आहे. ती बाधा नव्हती आणि शपथ मोडल्याची शिक्षा तर नव्हतीच. शपथ मोडली गेली ती नंतर, आणि त्रास सुरू झाला तो शपथ पाळली म्हणून.

दारू मेंदूला संथ करते. मेंदूत शांत ठेवणारी रसायने असतात तशी जागे ठेवणारी, चेतवणारीही असतात. दारू पहिल्यांचा जोर वाढवते आणि दुसऱ्यांना दाबते. रोज अनेक वर्षे हा दाब पडत राहिला की मेंदू आपला तोल सांभाळण्यासाठी उलट दिशेने जोर लावायला शिकतो, म्हणजे चेतवणारी यंत्रणा कायमची वाढवून ठेवतो. मग एके दिवशी दारू अचानक थांबते, पण मेंदूचा उलटा जोर थांबत नाही. मोट ओढणाऱ्या बैलांचा नाडा ऐन ताणात तुटावा आणि बैल तोंडावर पडावेत, तसे शरीराचे होते. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, मळमळते, छाती धडधडते आणि झोप लागत नाही. फिट आली तर ती बहुधा पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत येते. त्यानंतर, म्हणजे दुसरा दिवस संपल्यापासून चौथ्या दिवसापर्यंत, काही जणांच्या बाबतीत भ्रमाची अवस्था येते; तिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. त्या अवस्थेत माणसाला वेळ, जागा आणि आपली माणसे ओळखू येत नाहीत, किडे-मुंग्या आणि माणसे दिसतात, ताप चढतो, रक्तदाब आणि नाडी वाढते. तुमच्या पत्रातली थरथर, फिट आणि मुंग्या याच क्रमाने आणि याच वेळी आलेल्या आहेत. घरीच पडून राहिलेल्या माणसाचा या अवस्थेत मृत्यू होऊ शकतो. वेळेवर रुग्णालयात नेलेल्यांपैकी बहुतेक जण वाचतात. दारू पाजल्यावर ते शांत झाले, कारण मेंदूला त्याचा हरवलेला दाब परत मिळाला. भगताचा अंगारा जर त्याच सुमारास लागला असेल, तर श्रेय त्याला मिळाले असेल, एवढेच.

म्हणून “सोडली तर मी मरेन” हे त्यांचे वाक्य बहाणा समजू नका. त्यांनी ते अंगावर भोगलेले आहे. त्यांना ठाऊक नाही ते इतकेच, की हा धोका मुख्यतः पहिल्या आठवडाभराचा असतो आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो औषधांनी टाळता येतो किंवा बराच सौम्य करता येतो. ही गोष्ट त्यांना कोणीतरी शांतपणे समजावून सांगितली पाहिजे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तुमच्या हाती असलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

दोन क्वार्टर म्हणजे नेमके किती, हे एकदा मोजून पाहा. व्हिस्की-रमच्या बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण बहुधा ४२.८ टक्के असे छापलेले असते. त्या हिशेबाने १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिलिलिटर, म्हणजे वजनाने साठ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असते आणि दोन क्वार्टरमध्ये सुमारे १२० ग्रॅम. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल पचवते. रोज पिणाऱ्याचे थोडे जास्त. म्हणजे रात्री दहाला बाटली संपली तरी पहाटेपर्यंत रक्तात दारू असतेच, आणि ती उतरू लागते नेमकी सकाळच्या चहाच्या वेळी. बशीतला चहा सांडतो तो त्यामुळे. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. याच हिशेबाने आणखी एक गोष्ट निघते: सकाळी ट्रॅक्टरवर बसणारा माणूस शुद्धीवर दिसला तरी त्याच्या रक्तात दारू असू शकते. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, आणि ट्रॉलीत मजूर बसलेले असतात हे कायद्याहून मोठे कारण आहे.

आता आजार की नालायकी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात दारूवरील अवलंबित्वाला स्वतंत्र जागा आहे. पिण्याची अनावर ओढ, किती आणि केव्हा प्यायची यावरचा ताबा सुटणे, पूर्वीइतक्या दारूने न चढणे आणि म्हणून प्रमाण वाढत जाणे, थांबवल्यावर शरीराला त्रास होणे, दारूपुढे बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान डोळ्यांदेखत होत असताना पीत राहणे, या सहा लक्षणांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे गेल्या वर्षभरात एकत्र दिसली तर त्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीनुसार हे निदान होते. तुमच्या पत्रावरून दूर बसून निदान करण्याचा अधिकार मला नाही, पण यांतील किती लक्षणे तुमच्या घरात दिसतात ते तुम्हीच मोजू शकाल. आजार म्हटले म्हणजे माणसाची जबाबदारी संपते असे मात्र मी मानत नाही. मधुमेह झालेल्या माणसाने आजार ओढवून घेतला असो वा नसो, गोळी घेण्याचे काम त्याचेच असते. शिव्या देऊन आजार बरा होत नाही आणि पांघरूण घालूनही होत नाही. २०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून केलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात असे आढळले की दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळालेला असतो. बाकीच्यांच्या वाट्याला शपथ, मार, अंगारा आणि पावडर येते.

त्या पावडरीविषयी अगदी स्पष्ट लिहितो: ती देऊ नका. तिच्यात काय आहे हे तुम्हाला, तुमच्या नणंदेला आणि बहुधा विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. अशा चोरून द्यायच्या औषधांत डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. हे खरे औषध आहे आणि मानसोपचारतज्ज्ञ ते वापरतातही. पण दारूच्या पचनातला एक टप्पा ते अडवते, त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य अंगात साचते. त्यावर दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, डोके फुटायला येते, उलट्या होतात, छातीत दुखते, रक्तदाब एकदम खाली येतो, आणि हृदयाचा किंवा यकृताचा विकार असलेल्या माणसाच्या जिवावरही बेतू शकते. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम टिकू शकतो. म्हणून रुग्णाला सगळे समजावून, त्याची संमती घेऊन, दारू थांबल्यानंतर आणि तपासण्या झाल्यावरच ते देतात. ज्याला आपण औषधावर आहोत हेच माहीत नाही तो त्या दिवशीही फाट्यावर जाणारच. शिवाय ही गोष्ट एक ना एक दिवस कळते, आणि मग घरच्या ताटावरचा माणसाचा विश्वास उडतो. तो परत येणे फार कठीण असते. पावडर आधीच एक-दोनदा दिली गेली असेल तर लपवू नका. पुडी बरोबर घेऊन डॉक्टरांना दाखवा.

याच्याच जोडीला एक सूचना करतो, जी ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. रुग्णालयाची व्यवस्था होईपर्यंत त्यांची दारू जबरदस्तीने एकदम बंद करू नका. बाटली ओतून देणे, खोलीत कोंडणे, गावातल्या दुकानदाराला दम देणे, हे काही दिवस थांबवा. ज्याला एकदा दारू थांबवताना फिट आणि भ्रम झालेला आहे त्याला पुढच्या वेळी तसे पुन्हा होण्याचा, आणि जास्त जोराने होण्याचा, धोका इतरांपेक्षा अधिक असतो. त्यामुळे यापुढची दारू घरात सोडायची नाही, रुग्णालयातच सोडायची, एवढे ठरवून टाका. मधल्या काळात त्यांनी काम नाही, पैसे नाहीत किंवा अंगात ताप आहे म्हणून आपणहून पिणे थांबवले आणि त्रास सुरू झाला, तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. फिट आली तर त्यांना कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवल्याने फिट थांबत नाही. रक्ताची उलटी झाली, शौचाला डांबरासारखी काळी झाली, किंवा डोळे पिवळे होऊन माणूस गुंगीत जाऊ लागला, तर तेही त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याचे कारण आहे.

रुग्णालयात काय होते ते त्यांना आधी सांगा, कारण अज्ञाताची भीती मोठी असते. मेंदूचा तो सुटलेला जोर आवरण्यासाठी क्लोरडायाझेपॉक्साइडसारखी औषधे सुरुवातीला पुरेशा प्रमाणात देतात आणि आठवडाभरात कमी करत बंद करतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम देतात. ही औषधे दुकानातून आणून घरी देण्याची नाहीत, कारण दारूबरोबर ती श्वास बंद पाडू शकतात आणि त्यांचीही सवय लागते. दुसरे म्हणजे थायमिन, अर्थात ब-१ जीवनसत्त्व. रोज पिणारा माणूस जेवत नाही आणि जेवला तरी त्याच्या आतड्यांत हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. ते फार कमी झाले की गोंधळ, तोल जाणे आणि डोळ्यांच्या हालचाली बिघडणे असा मेंदूचा गंभीर विकार होतो, आणि त्यातून स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आपल्याकडे अशक्तपणा आला की गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजचे सलाईन लावून घेण्याची पद्धत आहे. रोज पिणाऱ्या माणसाला थायमिनशिवाय ग्लुकोज दिले तर हा विकार उफाळू शकतो. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी “हे रोज दारू पितात आणि मागच्या वेळी फिट आली होती” हे वाक्य लाज न बाळगता पहिल्यांदा सांगा.

तुमच्यासाठी पहिले दार म्हणजे परभणीचे शासकीय जिल्हा रुग्णालय. तेथे मानसोपचार विभागाची चौकशी करा. गुंतागुंत असेल तर नांदेडचे किंवा अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाण्याआधी बोलायचे असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ हे दोन्ही मोफत आहेत. ‘सोयाबीन निघाल्यावर बघू’ असे ते म्हणतील. सोयाबीन निघाले की हातात पैसा येतो आणि पैसा आला की पिणे वाढते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. काढणीच्या आधीच्या मोकळ्या दिवसांतले आठ-दहा दिवस मागा.

रात्री गाडी पाठवून उचलून नेणाऱ्या केंद्राविषयी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात मोडतात, म्हणजे अशा रुग्णाला या कायद्याचे संरक्षण आहे. अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासून ठराविक कारणांसाठीच तसे करता येते आणि तेही सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवसांसाठी. पुढे ठेवायचे तर पुन्हा तपासणी लागते. साखळीने बांधण्याला त्या कायद्याने पूर्ण मनाई आहे. ‘सहा महिने भेटायचे नाही’ असे सांगणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: नोंदणीचा कागद दाखवा, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि केव्हा येतात ते सांगा, आणि रात्री फिट आली तर तुम्ही काय करता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर तेथून निघा. चांगली केंद्रे महाराष्ट्रात आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी डॉ. अनिल अवचट यांच्यासह सुरू केले आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आरंभी मदत केली, हे अनेकांना माहीत आहे. माणसाला माणूस म्हणून वागवून व्यसनमुक्तीचे काम करता येते, ते तेथे पाहायला मिळते.

तुमच्या किरकिरीमुळे ते पितात, या म्हणण्यात तथ्य नाही. पंधरा वर्षांच्या पिण्याची कारणे शरीरात, रक्ताच्या नात्यांत, सोबतीत आणि सहज मिळणाऱ्या बाटलीत असतात; दारूच्या व्यसनाच्या जोखमीचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असतो असे जुळ्यांवरील अभ्यासांतून दिसते. मुलाच्या बाबतीत याचा अर्थ इतकाच, की त्याने दारूपासून इतरांपेक्षा जास्त लांब राहिलेले बरे. त्याला बाटली आणायला कधीही पाठवू नका आणि वडिलांच्या आजाराचे नाव त्याला सरळ सांगा. त्याने त्या दिवशी वडिलांना मुंग्या झटकताना पाहिले आहे, आणि त्याला कोणी काही सांगितले नाही तर तो सासूबाईंचीच गोष्ट खरी मानील. तुमच्या हातून जे होते ते वेगळे आहे. दुकानाची उधारी तुम्ही फेडत असाल, ट्रॅक्टरमालकाला ‘ताप आलाय’ म्हणून निरोप देत असाल, तर हे बंद करता येईल. मात्र हात उचलला गेला तर तेथे आजाराची सबब चालू देऊ नका. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक मुलालाही पाठ असू द्या.

त्यांच्याशी बोलायचे ते रात्री पिऊन आल्यावर बोलू नका. रात्रीचे बोलणे सकाळी आठवत नाही. सकाळी, पहिला घोट घेऊन हात स्थिर झाल्यावरचा थोडा वेळ असतो, तो धरा. भूतकाळाचा हिशेब काढू नका. “आषाढीला तुम्ही खरेच सोडली होती, ती तुमच्या मनाने टिकली होती, शरीर टिकले नाही, त्यावर औषध आहे” इतकेच सांगा. चुलत दीर बरोबर असतील तर बरे, कारण त्या दिवशी त्यांनीच प्रसंग सावरला होता.

आणि ती माळ. काही डॉक्टर असल्या गोष्टींना हसतात. मला ते पटत नाही. जनाबाईंच्या गंगाखेडात माळ घालून दारू सुटलेली माणसे असणारच, आणि ज्यांचे शरीर अजून दारूवर टेकलेले नव्हते त्यांना ती शपथ पुरलीही असेल. तुमच्या मालकांचे शरीर त्या पलीकडे गेले होते. रुग्णालयातला आठवडा झाल्यानंतर त्यांनी पुन्हा माळ घालावी, कारण दारू थांबवण्याइतकेच ती थांबलेली ठेवणे कठीण असते. पहिल्या वर्षात पुन्हा पिणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते, आणि तसे झाले तर उपचार वाया गेले असे समजायचे नसते, पुन्हा डॉक्टरांकडे जायचे असते. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे आहेत, ती त्यांना चालतील का ते विचारा. पण संध्याकाळी सात ते नऊ या वेळेचे काय करायचे, हे कोणतेही औषध सांगत नाही. पूर्वी ती वेळ फाट्यावर जायची. देवळातला हरिपाठ ती वेळ भरून काढू शकतो, न पिणाऱ्यांची सोबत देऊ शकतो, आणि जवळच्या शहरात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आधारगटाची मराठीतली सभा होत असेल तर तीही हेच काम करते. सासूबाईंनाही यात घ्या: भगताकडे जाण्याची त्यांची धावपळ मुलाच्या काळजीपोटीच होती, तीच काळजी त्यांनी रुग्णालयात त्याच्या उशाशी बसून दाखवावी.

जाताना आधारकार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि ते सध्या घेत असलेल्या सर्व गोळ्या बरोबर ठेवा. शेवटचा घोट केव्हा घेतला ती वेळ एका कागदावर लिहून न्या. बाह्यरुग्ण विभाग सकाळी असतो, त्यामुळे गंगाखेडहून पहाटेच निघा, आणि वाटेत त्यांचे हात थरथरू लागले तर त्या पहिल्या सहा-आठ तासांचा हिशेब लक्षात ठेवून सरळ अपघात विभागात जा.